काय फिरायचं आणि काय नाही: दोन आसनी विमानाच्या नियंत्रण जोडण्यांच्या नोंदी

विमान घरी बांधलेलं. शेजारी-शेजारी दोन आसनं, पंख खाली, सांगाडा आणि पत्रा अ‍ॅल्युमिनिअमचा. चार सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स नाही, दोन पात्यांचा प्रोपेलर. एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) आणि एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी फळी) पुशरॉडवर, म्हणजे ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्यांवर; रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) केबलवर. या नोंदी फक्त स्टिक आणि पेडलपासून शेपटी-पंखांपर्यंतच्या जोडण्यांच्या आहेत.

६ जानेवारी

पाना हातात घेण्याआधी मोजणी. वहीत एका बोल्टला एक ओळ. एलिव्हेटरच्या साखळीत ५, एलरॉनच्या दोन्ही बाजू मिळून १०, दोन्ही स्टिकच्या मुळाशी ४, स्टिकना एकमेकींशी जोडणाऱ्या दांडीचे २, रडर केबलच्या टोकांचे ४. एकूण २५.

प्रत्येक ओळीला चार रकाने: या सांध्यात काय फिरतं, कशावर फिरतं, नट सुटू नये म्हणून काय लावलंय, आणि सगळं बसल्यावर ते डोळ्यांना दिसतं का.

पहिले दोन रकाने भरतानाच सात ओळींवर अडलो. ‘बेलक्रँक (जोराची दिशा बदलणारा, खुंटीवरचा हात) फिरतो’ एवढ्यानं भागत नाही. तो बुशवर (बोल्टवर चढवलेल्या स्टीलच्या नळीवर) फिरतो, की बुशला घेऊन बोल्टवर, की बोल्टलाही घेऊन ब्रॅकेटच्या भोकात? तिन्ही वेळा स्टिक हाताला सारखीच मऊ लागते. ब्रॅकेटची भोकं लांबट झाली किंवा नट चार आटे वर सरकला की मग फरक कळतो.

जोडणी दगा देते ती सुटून, अडकून किंवा उलटी जोडली जाऊन. ताकद कमी पडून मोडणं हाही प्रकार आहे, पण तो आधीच कागदावर पकडता येतो. बाकीचे तीन कागदावर दिसत नाहीत, म्हणून ही वही.

९ जानेवारी

डाव्या पंखातला बेलक्रँक. बोल्ट १/४ इंची. नट ६० इंच-पौंडाला (आवळण्याच्या पिळाचं माप) आवळला की बेलक्रँक जड, अर्धा फेरा सैल केला की लोण्यासारखा. हे लक्षण दिसलं की बहुतेक जण नट सैलच ठेवतात आणि पुढे जातात. इथेच सांधा बिघडतो, कारण सैल नटाखाली बुश आवळलेला राहत नाही. बेलक्रँकबरोबर बुश फिरतो, बुशबरोबर बोल्ट, आणि बोल्टबरोबर किंवा बोल्टाविरुद्ध नट. जिथे काहीच फिरायला नको तिथे सगळं फिरायला लागतं.

खोलून व्हर्निअर लावला. बेलक्रँकमधली पितळी नळी ३१.६० मिमी लांब, तिच्या आतला स्टीलचा बुश ३१.४२ मिमी. बुश ०.१८ नं आखूड. म्हणजे नट आवळताना ब्रॅकेटचे दोन्ही कान बुशवर टेकण्याऐवजी पितळेवर टेकतात आणि बेलक्रँकच चिमटला जातो. ढोबळ नियम असा: बुश नळीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लांब हवा. कान बुशवर टेकले पाहिजेत आणि पितळ त्यांच्यामध्ये मोकळं फिरलं पाहिजे.

लेथवर नवा बुश ३१.७५ चा काढला. त्यानं कान आणि बुश यांच्यात थोडी फट उरली. ती नटाच्या जोरावर कान आत ओढून मिटवायची नाही. वाकलेला कान पुढे बेचक्याशी चिरतो. पातळ वॉशर घालून फट भरली. मग ६० इंच-पौंड. बेलक्रँक आडवा धरून सोडला तर स्वतःच्या वजनानं खाली येतो आणि आस धरून हलवला तर बारीकशी टिक लागते. ती टिक म्हणजेच ०.१५.

उजव्या बाजूला बुश बदलण्याऐवजी पितळी नळीचं तोंड काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासलं. तेही चालतं, पण नळीचं तोंड आसाला काटकोनात राहील ना, ही धास्ती राहते. पुन्हा करायचं झालं तर बुशच बदलू.

ग्रीस बसवण्याआधीच भरलं. बंद झाल्यावर इथे पिचकारीचं तोंड पोचत नाही.

१३ जानेवारी

नट आणि बोल्ट. खोक्यात एएन (विमानाच्या सुट्या भागांचं अमेरिकी मानक) ३-७ए बोल्ट निघाले, पाहिजे होते एएन ३-७. शेवटच्या ‘ए’चा अर्थ, दांड्याच्या टोकाला नट अडकवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक नाही. हाताला दोन्ही सारखेच लागतात, त्यामुळे चुकून ‘ए’वाला बोल्ट आला की लोक त्यावर नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, घर्षणानं पकडणारा नट) चढवतात आणि विषय संपवतात.

नायलॉक वाईट नव्हे. प्रश्न तो कुठे लावायचा हा आहे. २०१७ पूर्वीच्या अमेरिकी एफएआर २३ मध्ये (लहान विमानांच्या नियमावलीत) कलम २३.६०७ होतं. त्याचं सांगणं थोडक्यात असं: जो जोड सुटला तर विमान सुखरूप चालवता येणार नाही, त्याला नट न सुटण्याची दोन साधनं हवीत, आणि चालताना ज्या बोल्टला फिरण्याचा ताण येतो तिथे नुसत्या घर्षणावर पकडणारा नट चालत नाही, सोबत अडकवणारं काहीतरी पाहिजे. घरी बांधलेल्या विमानाला हे कलम बंधनकारक नसतं. पण पट्टी म्हणून याहून सोपी दुसरी सापडलेली नाही. बोल्ट फिरण्याची शक्यता असली तर कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) आणि स्प्लिट पिन. बोल्ट बुशवर किंवा रॉड एंडच्या (दांडीच्या टोकाच्या, आत फिरता गोळा असलेल्या सांध्याच्या) गोळ्यावर घट्ट आवळलेला असून फिरणारच नसेल तर नायलॉक चालेल. आपल्या २५ पैकी १४ ठिकाणी कॅसल नट ठरले.

टॉर्क: १०-३२ आट्यांच्या एएन ३ ला २० ते २५ इंच-पौंड, १/४ इंची एएन ४ ला ५० ते ७०. कापणाऱ्या ताणासाठीचे बुटके नट (एएन ३२०, एएन ३६४) असतील तर १२ ते १५ आणि ३० ते ४०. नायलॉकचा स्वतःचा अडसर आधी मोजून त्यात मिळवायचा. १/४ चा नवा नट नुसता फिरवताना १२ इंच-पौंड लागत असतील तर रेंच ६२ पासून पुढे लावायचा, नाहीतर आवळ कमी पडतो. नायलॉनच्या बाहेर निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत फिरणारा जुना नायलॉक डबीत नव्हे, कचऱ्यात.

कॅसल नटाची खाच आणि भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा नाही. वॉशर बदलायचा. एएन ९६० चा साधा वॉशर ०.०६३ इंची, पातळ ०.०३२ इंची. या दोघांच्या अदलाबदलीत खाच जुळते. १/१६ इंची स्प्लिट पिन लागते. पिनचा एक पाय बोल्टच्या टोकावर, दुसरा नटाच्या बाजूवर, आणि टोक इतकं वाकवलेलं की बाही किंवा वायर त्यात गुंतणार नाही. एकदा वाकवलेली पिन पुन्हा सरळ करून वापरायची नाही.

१६ फेब्रुवारी २००० ला एमरी वर्ल्डवाइडचं फ्लाइट १७ हे डीसी-८ मालवाहू विमान कॅलिफोर्नियात उड्डाणानंतर कोसळलं. विमानातले तिघे कर्मचारी गेले. उजव्या एलिव्हेटरच्या कंट्रोल टॅबची (मागच्या कडेच्या छोट्या फळीची) पुशरॉड सुटलेली होती आणि एनटीएसबीचा (अमेरिकी अपघात-तपास संस्थेचा) निष्कर्ष असा की तिचा बोल्ट नीट अडकवलाच गेला नव्हता आणि तपासणीतही ते निसटलं. एवढं मोठं विमान, आणि त्या जागी आपल्या वहीतल्या एका ओळीएवढाच बोल्ट.

बोल्टचं डोकं वर किंवा पुढे ठेवायचं, म्हणजे नट पडला तरी बोल्ट जागेवर राहतो. मागच्या बेलक्रँकजवळ डोकं वर घेतलं तर ते आडव्या पट्टीला घासत होतं. तिथे उलटा बसवला, वहीत लाल शाईनं लिहिलं.

२१ जानेवारी

रॉड एंड. दिवसभर हेच.

आटे किती आत गेलेत, आधी ते. १/४-२८ चा (इंचाला २८ आटे) एक आटा ०.९ मिमीचा. दीड व्यास म्हणजे साडेनऊ मिमी, म्हणजे साडेदहा आटे आत हवेत. ज्या टोकांना पाहणीचं भोक आहे तिथे ०.०३२ ची सेफ्टी वायर सरकवून पाहायची. वायर आत गेली तर रॉड एंड पुरेसा आत नाही. अ‍ॅल्युमिनिअम दांडीला रिव्हेट केलेल्या जोडतुकड्याला असं भोक नसतं. तिथे मोकळ्या रॉड एंडची दांडी आधी मोजायची आणि बाहेर किती राहिली तेवढं वजा करायचं. लांबी जुळवताना एकच टोक फिरवत बसलो की एका बाजूला पंधरा आटे आणि दुसरीकडे सात अशी गत होते. दोन्ही टोकं बरोबरीनं फिरवायची.

मग चेकनट, रॉड एंडला दांडीवर पक्का धरणारा नट. तो ढिला असेल तर रॉड एंड दांडीत फिरू शकतो. फिरून फिरून तो जिथे गोळ्याची मोकळीक संपते तिथे जाऊन थांबतो. त्या बिंदूनंतर सांधा बिजागरीसारखा वागत नाही, स्टिकच्या प्रत्येक हालचालीला रॉड एंडची दांडी वाकवतो. वाकण्याचा ताण चेकनटाच्या कडेला उघड्या पडलेल्या पहिल्या आट्यावर जमतो आणि चीर तिथेच पडते. तुटलेला रॉड एंड पाहून ‘माल कमअस्सल’ म्हणणं सोपं आहे. आधी चेकनट बघावा.

चेकनट आवळण्याची रीत: एका पान्यानं रॉड एंडचं डोकं जागेवर धरायचं, दुसऱ्यानं दांडीचा जोडतुकडा, तिसऱ्यानं नट. माणसाला हात दोनच, म्हणून हे काम दोघांचं. एकट्यानं केलं की नट शेवटच्या पाव फेऱ्यात डोक्याला बरोबर फिरवतो आणि दोन टोकांची डोकी एका पातळीत राहत नाहीत.

पडताळणी सोपी आहे. स्टिक एका टोकाला नेऊन धरायची आणि पुशरॉड अंगठा-बोटाच्या चिमटीत घेऊन स्वतःच्या आसाभोवती घुमवायची. दोन्ही बाजूंना सारखी, थोडीशी घुमली पाहिजे. मग स्टिक दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा. कुठेही ताठ लागली तर तिथे गोळा कडेला टेकलाय. मध्यभागी तपासून उपयोग नाही, मध्यभागी सगळ्याच घुमतात. उजव्या एलरॉनच्या बाहेरच्या दांडीत हेच सापडलं: मध्यभागी छान, एलरॉन पूर्ण वर नेला की ताठ. चेकनट सोडून रॉड एंड सुमारे १५ अंश फिरवला, मिटलं.

एका बाजूनेच धरलेल्या रॉड एंडवर मोठा वॉशर, एएन ९७०. गोळा झिजून वाटीतून निसटला तरी दांडी बोल्टवरून उतरू नये एवढं त्याचं काम. त्याचा बाहेरचा व्यास रॉड एंडच्या डोक्यातल्या भोकापेक्षा मोठा असला पाहिजे, नाहीतर तो शोभेचा. आणि तो थेट डोक्याला चिकटवायचा नाही. गोळा आणि मोठा वॉशर यांच्यात एक लहान वॉशर घातला नाही तर डोकं तिरकं होताना मोठ्या वॉशरला टेकतं आणि मघाचीच गोष्ट, दांडी वाकते. दोन कानांमध्ये बसलेल्या रॉड एंडला याची गरज नाही, तिथे कानच दांडीला धरून ठेवतात.

कानांमधल्या वॉशरविषयी एक उपाय. ते बसवताना चारदा खाली पडतात आणि पाचव्या वेळी सापडत नाहीत. ग्रीसचा ठिपका लावून पातळ पट्टीच्या टोकाला चिकटवायचे, पट्टीनंच जागेवर सरकवायचे, बोल्ट अर्धा घातला की पट्टी ओढून घ्यायची. मेजावर मोजून ठेवलेले वॉशर शेवटी पुन्हा मोजायचे.

२ फेब्रुवारी

एलिव्हेटरची पुढची पुशरॉड स्टिकपासून मागच्या बेलक्रँकपर्यंत: ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनिअमची नळी, बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी १.५ मिमी, सांध्यापासून सांध्यापर्यंत १५०० मिमी. स्टिक पुढे ढकलली की हिच्यावर दाब येतो.

स्टिकची मूठ खुंटीपासून ४५० मिमी वर, खालचा हात ११० मिमीचा. म्हणजे हाताचा जोर ४.०९ पट होऊन नळीवर येतो. जुन्या २३.३९७ मध्ये एलिव्हेटरसाठी स्टिकवर धरायचा वैमानिकाचा जोर किमान १०० पौंड, म्हणजे ४४५ न्यूटन. गुणाकार १८२० न्यूटन. वर दीडपट सुरक्षितता धरली तर २७३०.

नळी केव्हा बाकदार होईल ते ऑयलरच्या सूत्रावरून: पायचा (π) वर्ग गुणिले स्थितिस्थापकता गुणिले जडत्व, भागिले लांबीचा वर्ग. ६९,००० मेगापास्कल आणि ७६७६ मिमी चतुर्घात घातले की उत्तर येतं सुमारे २३२० न्यूटन. २७३० च्या खाली. नळी हातात धरली तर लोखंडी पहारीसारखी वाटते, तरीही. आणि हे आकडे नळी अगदी सरळ धरून काढलेले आहेत. तिला आधीच दोन मिमी पोक असला तर त्याआधीच वाकेल.

पहिला विचार: नळी जाड घ्या. ३२ मिमी व्यास, जाडी तीच. जडत्व १६,७५३ वर जातं, वाकण्याचा दाब ५०७० न्यूटन. वजन फक्त १३४ ग्रॅमनं वाढतं. आसनामागच्या पार्टिशनचं भोक मोठं करावं लागेल, एवढंच.

६ फेब्रुवारी

एवढंच नाही. दाबाचा हिशेब झाला, थरथरीचा राहिला होता.

दोन्ही टोकांना सांधा असलेल्या नळीची स्वतःची कंपनं: २५ मिमी नळी १५०० लांबीत सेकंदाला सुमारे २९, ३२ मिमी नळी त्याच लांबीत सुमारे ३८. इंजिन २३०० फेऱ्यांवर असताना दर फेरीला एक धक्का म्हणजे सेकंदाला ३८. हे विमान समतल उड्डाणात २३०० ते २४०० वरच चालणार. म्हणजे ताकदीसाठी निवडलेली जाड नळी नेमकी उड्डाणभर झंकारत राहिली असती. मूळची २५ ची नळी १७६० फेऱ्यांच्या आसपास थरथरते. ती फेरी जमिनीवर आणि उतरताना गाठली जाते, तिथे तासन्‌तास कोणी थांबत नाही.

झंकारण्यानं नळी तुटत नाही. रॉड एंडची वाटी झिजते, जोडतुकड्याचे रिव्हेट ढिले होतात, पार्टिशनच्या भोकाला नळी घासते.

निर्णय: नळी २५ चीच, मध्ये टांगता हात, म्हणजे नळीला आधार देऊन तिच्याबरोबर झुलणारा. १५०० चे दोन ७५०. लांबी निम्मी झाली की वाकण्याचा दाब चौपट, ९,२९० च्या घरात, आणि कंपनंही चौपट, सेकंदाला ११८. दोन पात्यांचा प्रोपेलर फेरीला दोन धक्के देतो, २७०० फेऱ्यांना ते ९० होतात. ११८ त्याच्याही वर.

किंमत काय? तीन नवे बोल्ट, तीन नव्या ओळी, २६ ते २८. टांगत्या हाताची खुंटी आणि दोन रॉड एंड. ज्या तीन प्रकारांना कागदावर पकडता येत नाही त्यांना तीन जागा वाढवून दिल्या आणि चौथ्याला एका जागेवरून घालवलं. हा सौदा नीट समजून केलेला बरा.

१८ फेब्रुवारी

टांगता हात बसला. बुश पहिल्याच फटक्यात ०.१२ नं लांब, कारण ९ जानेवारी आठवणीत होती.

हात आणि दांडी यांच्यातला कोन दोन्ही टोकांना मोजला: सर्वांत कमी ५८ अंश. ३० च्या खाली गेला की सांभाळायचं, कारण हात आणि दांडी एका रेषेत येऊ लागली की सांधा पलटी खाऊन तिथेच कुलूप लागतं आणि स्टिक कितीही ओढली तरी परत येत नाही. हे बहुधा स्टिकचे थांबे काढून तपासणी केली तरच दिसतं. थांबे काढून एलिव्हेटर हातानं त्याच्या हद्दीच्या पाच अंश पुढे दोन्हीकडे नेलं. पलटी नाही.

२ मार्च

रडरच्या केबल. १/८ इंची, ७×१९ (सात पेड, प्रत्येकी १९ तारा), गॅल्व्हनाइज्ड. तुटण्याची ताकद २००० पौंड, स्टेनलेस असती तर १७६०. ताकदीचा प्रश्नच नाही. केबल जाते ती टोकाला आणि पुलीवर.

टोकाला तांब्याची दाबायची स्लीव्ह, थिंबलसह (फासाच्या आतलं धातूचं कडं). १/८ ला तीन दाब: आधी मधला, मग थिंबलकडचा, शेवटी बाहेरचा. क्रम चुकला की स्लीव्ह एका बाजूला सरकते. दाबून झालं की गो-नो-गो (माप बरोबर की चूक सांगणाऱ्या) पट्टीत तिन्ही दाब बसले पाहिजेत. बसले नाहीत तर पुन्हा दाबण्याआधी हत्यार जुळवायचं. केबलचं मोकळं टोक स्लीव्हच्या बाहेर थोडं दिसलं पाहिजे. एक स्लीव्ह दाबताना टोक आत सरकलं होतं, ती कापून टाकली. स्टेनलेस केबलवर उघड्या तांब्याची नव्हे, जस्ताचा मुलामा दिलेली स्लीव्ह लागते.

पुलीच्या खोबणीशी केबल दोन अंशांच्या आत सरळ हवी आणि मार्गदर्शक तुकड्यानं केबलची दिशा तीन अंशांपेक्षा जास्त वळवू नये. वळण हवं असेल तर पुली लावा. प्रत्येक पुलीला केबल उतरू नये म्हणून आडवी पिन. पिन आणि पुलीत केबलच्या जाडीपेक्षा कमी फट, नाहीतर ढिली केबल फटीतच जाऊन बसते.

टर्नबकल (केबलचा ताण जुळवायचा आटेरी दुवा): बॅरलच्या दोन्ही बाजूंना बाहेर दिसणारे आटे तीनपेक्षा जास्त नकोत. मग ०.०४० ची सेफ्टी वायर. पेडलकडच्या टोकाला टर्नबकल थेट फिरत्या भागाला जोडला होता आणि पेडल पूर्ण पुढे गेलं की त्याचा काटा अडून मान वाकत होती. मध्ये एक बिजागरीचा दुवा घातला.

तापमानाचं एक. अ‍ॅल्युमिनिअम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. चार मीटरच्या केबलमागे तीस अंशांचा फरक झाला की १.३ मिमीचं अंतर पडतं: उन्हात केबल ताठ, थंडीत ढिली. लाकडी विमानात याच्या उलट, लाकूड तंतूच्या दिशेनं जवळजवळ पसरतच नाही, म्हणून केबल उन्हात ढिली होते. नळीच्या स्टील सांगाड्याला ही कटकटच नाही. ताण मोजला तेव्हाचं तापमान वहीत लिहिलं नाही तर पुढच्या मोजणीला अर्थ उरत नाही.

तुटलेली तार शोधायला केबलवरून कापड फिरवायचं, हात नव्हे. तारेला कापड अडकतं. पुलीवर टेकणारा भाग पुलीवरून काढून हलकेच वाकवून पाहायचा, आतली तुटलेली तार तेव्हाच बाहेर येते.

९ मार्च

मागच्या बेलक्रँकखालच्या कप्प्यात आरसा आणि दिवा: दोन रिव्हेटच्या तुटक्या दांड्या, एक वॉशर, प्लास्टिक पट्ट्याचं टोक. व्हॅक्यूम लावला. शेपटी उभी करून हलवली तेव्हा आणखी एक दांडी घरंगळली.

१५ मार्च

ताणाची चाचणी. एलिव्हेटर शिंग (दांडी जोडायचा हात) असलेल्या फळीपाशी लाकडाच्या गुटक्यांत जखडलं. मागच्या कडेला पकडायचं नाही, पत्रा चुरगळतो. स्टिकच्या मुठीला ताणकाटा लावून ४५ किलोपर्यंत पुढे आणि मागे.

मूठ ४६ मिमी सरकली. एलिव्हेटर जागचं हललं नाही, म्हणजे हे सगळं मधल्या भागांचं वाकणं आणि ताणलं जाणं. पुढच्या दोन नळ्या १८२० न्यूटनखाली मिळून ०.३६ मिमीनं आखडतात, मुठीपाशी ते दीड मिमी. मागची नळी धरून तीन समजा. उरलेले ४३ मिमी कुठून? बेलक्रँकच्या ब्रॅकेटवर बोट ठेवून दुसऱ्याला स्टिक ओढायला सांगितली, लगेच कळलं. ब्रॅकेट ताठ आहे, पण ज्या पातळ पत्र्यावर तो रिव्हेट केलाय तो पत्रा तेलाच्या डब्याच्या तळासारखा आत-बाहेर होतो.

मागून १.६ मिमीची पट्टी, वरच्या आणि खालच्या कोनापर्यंत नेऊन रिव्हेट केली. मूठ आता २९ मिमी. अजून थोडं काढता येईल, पण उरलेलं स्टिकच्या आडव्या नळीच्या पिळाचं आहे आणि ते इतपत राहू द्यायला हरकत नाही.

चाचणीत जोर लावलेला असतानाच स्टिक डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. ताणाखाली सांगाडा वाकतो आणि मोकळी असलेली एलरॉनची दांडी कुठेतरी टेकू शकते. टेकली नाही, पण पार्टिशनपासून फट ६ मिमीवरून ३.५ वर आली.

२३ मार्च

ढिलाई मोजली. स्टिक जखडून एलरॉनची मागची कडा बोटानं वर-खाली: डावीकडे १.० मिमी, उजवीकडे २.३. बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत ३०० मिमी, दांडीचा हात ६० मिमी, म्हणजे दांडीतली ढिलाई कडेला पाचपट दिसते. उजवीकडे कुठेतरी जवळजवळ अर्धा मिमी ढिला सांधा आहे. सापडला तो एलरॉनच्या ब्रॅकेटमध्ये: भोक रीमरशिवाय नुसतं ड्रिलनं केलेलं, थोडं त्रिकोणी. भोक मोठं करून स्टीलची चकती दाबून बसवली, रीमर फिरवला. आता १.१.

ट्रिम टॅबकडे (मागच्या कडेच्या छोट्या जुळवणीच्या फळीकडे) मात्र एवढीसुद्धा सवलत नाही. तो लहान, हलका आणि वेगात फडफडायला नेहमी तयार. १६ सप्टेंबर २०११ ला रीनोच्या शर्यतीत कोसळलेल्या पी-५१ मस्टँगची सुरुवात इथूनच झाली: लॉकनटांमधली जुनी पडलेली पकड, त्यामुळे ढिले झालेले ट्रिम टॅबचे स्क्रू, एकात चीर, आणि फडफड. वैमानिक आणि दहा प्रेक्षक गेले. आमच्या ट्रिमचे चारही नायलॉक नवे घातले, आधीचे एकदाच वापरलेले असूनही.

३० मार्च

दिशा. पुशरॉड उलटी जोडली जाण्याची संधी एलरॉनला सर्वांत जास्त, कारण बेलक्रँकला दोन भोकं असतात आणि दोन्हींत बोल्ट जातो. पडताळणीला अंगठा: मूठ आवळून अंगठा सरळ वर, स्टिक डावीकडे झुकवली की अंगठा ज्या पंखाकडे झुकला तिथला एलरॉन वर आला पाहिजे. ‘एलरॉन हलतात, मोकळे आहेत’ हे म्हणणं तपासणी नव्हे.

मग वही दुसऱ्याच्या हातात, ज्यानं यातलं काहीच बसवलेलं नाही. त्यानं २८ ओळी स्वतः पाहून सही करायची, आणि ज्यानं बसवलं त्यानं त्या वेळी मागे उभं राहून काहीही सांगायचं नाही. ओळ ११ वर तो थांबला: स्प्लिट पिन आहे, पण तिचा पाय वाकवायचाच राहिलाय. १३ जानेवारीला पिन कशी वाकवायची ते लिहिलं होतं आणि तीच पिन तशी राहिली.

मंजूर ओळींवर नारिंगी रंगाची रेघ, नटावरून जोडीच्या भागापर्यंत सलग.

२४ मे

दहा उड्डाण-तासांनंतर सगळे झाकणपत्रे उघडले. २७ रेघा शाबूत. ओळ २७, टांगत्या हाताच्या पुढच्या रॉड एंडचा चेकनट: रेघ तुटलेली, नट पाव फेऱ्याहून कमी सरकलेला. रॉड एंड अजून १३ आटे आत, सांधा ताठ नाही, पण चिमटीत घुमवल्यावर एका बाजूला जास्त घुमतो. म्हणजे त्याचं डोकं कलू लागलं होतं.

कारण: हा नट अरुंद जागेत आहे, तिसरा पाना बसत नाही, म्हणून दोनच पान्यांनी आवळला गेला होता. तिसऱ्या पान्याचं तोंड घासून ५ मिमी जाडीचं केलं. नव्यानं आवळलं, दोघांनी. नवी रेघ. पुढची उघडझाप २५ तासांना, ओळ २६ ते २८ आधी.